चौकाचा उजवा कोपरा

कोरी पिशवी रंगवायची तर आधी ती धुवावी लागते. दुकानातून आणलेल्या मांजरपाटाला खळ असते. त्या खळीवर रंग बसतो, पण दुसऱ्या धुण्यात पापुद्रे सुटून निघून जातो. म्हणून पिशवी भिजवायची, चोळून धुवायची, वाळवायची, इस्त्री मारायची आणि मग तिच्या पोटात जुन्या वर्तमानपत्राची घडी सरकवायची, म्हणजे रंग पलीकडे फुटत नाही. हे सगळं मला मोबाइलवरच्या एका बाईनं शिकवलं. ती तिच्या मोठ्या टेबलावर हसत हसत सूर्यफुलं छापायची. मी जव्हारच्या माझ्या दोन खोल्यांत, ओट्यावरची भांडी बाजूला सारून तेच करत होते. फक्त हसत नव्हते.

सूर्यफुलं मला छापायची नव्हतीच. मला माझ्या आईचा हात त्या पिशव्यांवर उतरवून घ्यायचा होता आणि त्यासाठी फार दिवस उरले नव्हते.

आईला कंपवात झाला होता. सुरुवातीला चहाची बशी वाजायची, तेव्हा आम्ही थंडीवर ढकललं. मग भाकरी थापताना कडा फाटायला लागल्या. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की गोळ्यांनी थोडं लांबेल, बरं होणार नाही. तेव्हा मी तिला सूर्यमाळच्या खालच्या आमच्या पाड्यावरून जव्हारला माझ्याकडे आणलं. भाऊ-वहिनी सांभाळत होते, तक्रार काहीच नव्हती, पण गोळी वेळेवर देणं आणि दिवसभर रानात असणं ही दोन कामं एका माणसाला जमत नाहीत.

आमच्यात लग्नघरात चौक लिहितात. शहरातले लोक त्याला चित्र म्हणतात आणि सोफ्याच्या वर टांगतात. आम्ही त्याला काढणं म्हणत नाही, लिहिणं म्हणतो. भिंत गेरूनं सारवायची, तांदूळ वाटून पातळ करायचे आणि बांबूची काडी चावून तिच्या टोकाची कुंचली करायची. मध्ये देवी बसते, तिच्याभोवती फणी, शिडी, सूर्य, चंद्र आणि बाहेरून चारी बाजूंनी साखळीची चौकट. हे लिहायचा मान सवाशिणींचा. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गात असते आणि सवाशिणी लिहीत असतात. चौक लिहून झाल्याशिवाय पुढचं काही हलत नाही.

माझ्या आईला आसपासच्या चार-पाच पाड्यांवर चौक लिहायला बोलवायचे. हे मी अभिमानानं सांगते, पण खरं सांगायचं तर मी तिचा एकही चौक नीट बघितलेला नाही. सहाव्या वर्षी मला आश्रमशाळेत टाकलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी यायचे तेव्हा लग्नं जोरात असायची. आई भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची आणि मी वऱ्हाडातल्या पोरींच्या फ्रॉककडे बघत असायचे. घरची गोष्ट कोण बघतं? ती असणारच आहे, असं वाटायचं.

मग बाप गेला आणि आईचा हात बंद झाला. तिनं कुणाला विचारलं नाही, कुणी तिला सांगितलंही नाही. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात ती दाराशी जाऊन बसली आणि तांदळाच्या वाटीला तिनं बोट लावलं नाही. पाड्यावरच्या बाकीच्या बायका तिच्या हाताखाली होत्या खऱ्या, पण एकीला साखळी यायची, एकीला फणी, तिसरीला नुसता गेरू सारवायला. सगळा चौक एकट्या आईच्या बोटांत होता. जुने फोटो म्हणाल, तर एकच सापडला, माझ्या चुलतबहिणीच्या लग्नातला. त्यात नवरीचं डोकं बरोबर चौकाच्या मध्ये आलंय आणि उरलेल्या जागेत माझा काका दात काढून उभा आहे. भिंती तर सगळ्या गेल्या. कुडाची घरं पडली, सिमेंटची आली.

भावाच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं तेव्हा मी जाहीर करून टाकलं की येणाऱ्या सवाशिणींना पिशव्या मी देणार, आणि त्यावर आपला चौक असणार. माझ्या डोक्यात हिशेब सोपा होता. आईला भिंतीवर लिहिता येत नाही, पण तिचा चौक पिशव्यांवरून का होईना, नातीच्या लग्नात येईल. स्टेन्सिल एकदा कापलं की हात थांबला तरी ते राहील. नवरा म्हणाला, “आता घरात पाय ठेवायचा तर पिशवीत ठेवायचा.” मी त्याला मांजरपाटाचा गठ्ठा उचलायला लावला.

आईनं मात्र साफ नकार दिला.

“आये, लग्नाचा नाही गं. पिशवीवर छापायचाय. कागदावर एकदा काढून दे.”

“माजा हात बंद झाला ना, बाय.”

“पिशवीचं कुठं लग्न लागतंय?”

“देवी ती देवीच. पिशवीवर बसवलीस तरी देवीच.”

चार दिवस मी तिच्याशी भांडले. मी प्राथमिक शिक्षिका आहे. वीसहून जास्त वर्षं पोरांना गप्प बसवण्यात गेल्यामुळे कुणी माझं ऐकलं नाही की माझं डोकं फिरतं. मी तिला म्हटलं की हे जुनं झालं, असं काही नसतं, विधवा बायका आज काय काय करतात. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “करतात ना. करू दे.”

पाचव्या दिवशी ती स्वतःच नमली. म्हणजे नमली असं मला वाटलं, प्रत्यक्षात तिनं वाट काढली होती. उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची होती. मी दुपारी घरी आले तर आई शहाबादी फरशीवर बसलेली आणि समोर पेल्यात प्यायचं उरलेलं घोटभर पाणी. आमच्या पाड्यावर मार्चनंतर बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरतात, त्यामुळे उष्टं पाणी ती मोरीत ओतायची नाही, तुळशीला घालायची. त्या दिवशी तिनं त्या पाण्यात बोट बुडवलं आणि फरशीवर एक रेघ ओढली. करड्या फरशीवर ती रेघ काळीभोर उमटली. मग दुसरी. मग साखळीच्या चार कड्या. मी पिशवी खांद्यावरून न काढता तशीच उभी राहिले. बघता बघता पहिली रेघ कडेनं उडायला लागली.

“पानी सुकला का काय रवला नाय,” आई म्हणाली. “रवला नाय, त मी लिवला नाय.”

“मग मला काय उपयोग?”

“तू वरून लिव. तू लिवशील तो तुजा. तू सवाशीण हायस ना?”

तिच्या या कायद्यापुढे मी हात टेकले. वकिलालाही सुचला नसता.

शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून मी पारदर्शक प्लास्टिकच्या शीट आणल्या. शीट सरळ पाण्यावर टेकवली की रेघ फिसकटायची, म्हणून चार कोपऱ्यांखाली बाटल्यांची चार बुचं ठेवली. आई लिहायची, मी शीट वर धरून मार्करनं गिरवायचे. पाणी लवकर उडू नये म्हणून पंखा बंद. दोघींच्या अंगाला धारा लागायच्या. तिचं बोट टेकेपर्यंत थरथरायचं, पण एकदा फरशीला लागलं की बरंचसं शांत व्हायचं. एकदा मी फोटो काढायला मोबाइल उचलला. तिनं बोट वर घेतलं आणि मोबाइल खाली जाईपर्यंत वरच ठेवलं. तेवढ्यात निघालेल्या फोटोत नुसती खिडकी चकाकतेय.

चार दुपारी आम्ही असं बसलो. मधल्या देवीची जागा तिनं पाण्यानंसुद्धा भरली नाही, ती रिकामीच ठेवायला सांगितली. माझ्या आयुष्यात आईच्या इतक्या जवळ मी त्याआधी बसले नव्हते. लहानपणी होस्टेल, नंतर नोकरी, नंतर माझं घर. तिच्या घामाला शेणाचा आणि चुलीचा वास आता येत नव्हता, माझ्या घरच्या साबणाचा येत होता, आणि त्याचं मला उगाचच वाईट वाटलं.

मग मी शीट घेऊन टेबलाशी बसले, आणि इथे मी जे केलं त्याचा सल ते कितीही वेळा सांगितलं तरी कमी होत नाही.

मी पट्टी लावून बघितली. चौकटीची खालची रेघ डावीकडून निघायची ती उजवीकडे जाता जाता खाली उतरायची. उजवा कोपरा चांगला दोन बोटं खाली होता. साखळीच्या कड्याही त्याच अंगाला कलल्या होत्या, शिडी तिरकी होती, फणीचे दात एका बाजूला झुकलेले. मला वाटलं, हा आजार आहे. तिचा हात एवढा गेलाय आणि ती मला कळू देत नाहीये. माझे डोळे भरून आले. मी ठरवलं की हा आजार मी यातून काढून टाकीन, आणि तिचा पूर्वीचा निरोगी हात तिला परत देईन.

मी आलेखाचा कागद घेतला. स्केल, गुण्या, कंपास, सगळं माझ्याजवळ होतंच. उजवा कोपरा वर उचलला. चारी बाजू सारख्या केल्या. कड्या मोजून एकसारख्या आखल्या, शिडी उभी केली, फणी सरळ केली. किती प्रेमानं केलं म्हणून सांगू! ती नवी आकृती मी दुसऱ्या शीटवर उतरवली आणि कटरनं कापली. स्टेन्सिल कापताना रेघ सलग कापता येत नाही, नाहीतर मधला तुकडा गळून पडतो. जागोजागी बारीक जोड ठेवावे लागतात. छापल्यावर तिथे रेघ तुटलेली दिसते, ती मग बारीक कुंचल्यानं जोडायची. कापताना दोन शीट फाटल्या आणि एक कमी पडली, तेव्हा मी आईच्या रेघांची शीट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली आणि तीच वापरली. वस्तू वाया घालवायची नाही, ही शाळेची सवय.

पिशव्या छान झाल्या. चिकटपट्टीनं चौकोन आखून आत आधी गेरूच्या रंगाचा हात द्यायचा. तो वाळला की वर स्टेन्सिल ठेवून स्पंजनं पांढरा. स्पंज जवळजवळ कोरडा हवा आणि सरळ उभा टेकवायचा, घासायचा नाही. घासला की रंग स्टेन्सिलखाली शिरतो. मग तुटक्या रेघा जोडायच्या आणि शेवटी मागून इस्त्री. दोऱ्यांवर ओळीनं वाळत घातलेल्या त्या पिशव्या बघून शेजारीण म्हणाली की दुकानात ठेवा. मला गुदगुल्या झाल्या.

पहिली पिशवी आईच्या हातात दिली. तिच्या हातात ती थरथरत राहिली. तिनं बराच वेळ बघितलं.

“सरळ आला,” ती म्हणाली.

“चांगला झालाय ना?”

“सरळ आला, बाय.”

मी याला शाबासकी समजले. आता वाटतं, दोनदा सांगितलं होतं तिनं. पण मला ऐकायची सवय कुठाय, मला तपासायची सवय आहे. आश्रमशाळेत मी ‘पानी’ म्हटलं की बाई पट्टी उगारायच्या, आणि एका वर्षात मी ‘पाणी’ म्हणायला लागले. मग सुट्टीत घरी येऊन मी आईला ‘पाणी’ म्हणायला लावायचे. ती हसायची, एकदा माझ्यासाठी म्हणायची आणि पुन्हा ‘पानी’. तेव्हा मला तिची लाज वाटायची. पुढे माझ्या वर्गात पाड्यांवरची पोरं आली तेव्हा मी त्यांनाही तेच केलं. मी दुष्ट नाही. मला खरंच वाटायचं की मी त्यांना वर उचलतेय.

लग्नाला आम्ही बसनं मोखाड्याला गेलो आणि तिथून जीपमध्ये. आई पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, मी मागे पिशव्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन. पाड्यावर मांडव पडला होता. आतल्या खोलीची एक भिंत चौकासाठी गेरूनं सारवून ठेवली होती, बाकीच्या सिमेंटच्या भिंतींत ती एकच ओळखीची वाटत होती. वहिनी आणि इतर सवाशिणी तांदळाची वाटी घेऊन भिंतीसमोर बसल्या होत्या आणि कुणी हात लावत नव्हतं.

“तू कर सुरू.”

“माना नुसती फनी येते. तू कर.”

“मागल्या टायमाला चुकला त सासू वरीसभर बोलली. मी नाय.”

हसणं, ढकलाढकली चालली होती. धवलेरी दोनदा खाकरली. आई नेहमीसारखी उंबऱ्याशी बसली होती, डोक्यावर पदर घेऊन. तेवढ्यात वहिनीनं माझ्या पिशव्या बघितल्या. एक उचलून तिनं भिंतीला लावली.

“वन्स, जेच्यावरून छापलास ता आनलास का?”

आणलं होतं. पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये घालून, घडी पडू नये म्हणून जपून आणलं होतं. का आणलं होतं ते मला विचारू नका, कदाचित हेच व्हावं असं मला वाटत असेल. मी ते काढून दिलं. नुसतं दिलं नाही, पुढे होऊन शिकवलं. तांदूळ घट्ट ठेवा, स्पंज पिळा, उभा टेकवा, घासू नका. स्टेन्सिल पिशवीच्या मापाचं, भिंत मोठी, तेव्हा चारी कोपरे दूरदूर छापायचे आणि मधली साखळी शीट सरकवत जोडायची, असं मीच सुचवलं. फळ्यापुढे उभी असल्यासारखी मी बोलत होते. बायका खूश झाल्या. जे काम दुपार खायचं ते घटकाभरात झालं. देवी तेवढी वहिनीनं कशीबशी हातानं लिहिली. साखळीतले तुटके जोड भरायचे राहून गेले, कारण तोवर धवलेरी गायला लागली होती.

मी मागे सरून बघितलं. भिंतीवर आईचा चौक होता. इतक्या वर्षांनी. मला रडू येत होतं, आनंदाचं.

शेजारच्या पाड्यावरची एक म्हातारी तेव्हा आली. आईच्या बरोबरीची, तरुणपणी दोघी जोडीनं चौक लिहायला जायच्या. तीही आता पांढऱ्या कपाळाची. दारात उभं राहून तिनं डोळ्यांवर हात धरला आणि भिंत न्याहाळली.

“कोनी लिवला यो?”

“तुमच्या मैतरणीचाच हाय,” वहिनी म्हणाली.

म्हातारी हसली. “मस्करी नको करू, पोरी. तिचा उजवा कोपरा खाली उतरं. जवानीपासना. ती एका अंगावर रेलून बसं ना, म्हनून. आमी दारातून वळखू, हा तिचा. यो कोना मशिनीचा हाय.”

सगळ्या हसल्या. मीही हसले असेन, तोंडाला सवय असते. मग हळूहळू ते माझ्या आत उतरलं. दोन बोटं खाली गेलेला कोपरा. कललेल्या कड्या. तिरकी शिडी. तो आजार नव्हताच. तो तिचा हात होता. जो उतरवून घ्यायला मी चार दुपारी पंखा बंद करून बसले होते, तो मला मिळाला होता, माझ्या टेबलावर होता, आणि मी तो स्केल लावून काढून टाकला होता, वर स्पिरिटनं पुसला होता.

मी आईकडे बघितलं. ती चौकाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. धवलेरीचं गाणं चाललं होतं, नवरीला आणून बसवलं होतं, आणि आता कुणालाही काही थांबवता येणार नव्हतं.

निघताना वहिनी म्हणाली की स्टेन्सिल राहू दे, पुढच्या आठवड्यात पलीकडच्या पाड्यावर लग्न आहे, त्यांनी मागितलंय. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि बंद केलं. कारण काय सांगणार होते? ते त्या लग्नाला गेलं, तिथून दुसऱ्या. मी दोनदा निरोप पाठवला. पहिल्यांदा कळलं की ते खालच्या पाड्यावर आहे. दुसऱ्यांदा कळलं की कुणीतरी पुठ्ठ्यावर त्याच्या नकला कापून घेतल्यात आणि आता कुणाची अडचण होत नाही. बायका मला मोखाड्याच्या बाजारात भेटल्या की हात धरून सांगतात, तुमच्या आईचा चौक आमच्या घरी लिहिला. त्या इतक्या आनंदानं सांगतात की मी मान हलवते. माझी चूक आता भिंतीभिंतीवर बसलीय, आणि तिला माझ्या आईचं नाव आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईला सगळं सांगितलं. तोवर तिचा हात बराच गेला होता. घास तोंडापर्यंत आणताना निम्मा सांडायचा, म्हणून मीच भरवत होते. मी फरशीवर तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, “आये, मी तुझा चौक बिघडवला. मला वाटलं दुखण्यामुळे वाकडा झाला, म्हणून मी सरळ केला. आता मला तुझा पाहिजे. जमेल तसा लिही. नुसता उजवा कोपरा लिही.”

मी पेला पुढे केला, पंखा बंद केला, बुचं मांडली. तिनं बोट बुडवलं. पण आता ते फरशीला टेकल्यावरही शांत होईना. रेघ व्हायच्या आधीच पाण्याचे ठिपके इकडेतिकडे उडाले. तिनं पदरानं पुसलं आणि पुन्हा बोट बुडवलं. पुन्हा ठिपके. तिसऱ्यांदा ती थांबली आणि खुंटीवरच्या छापलेल्या पिशवीकडे बघून म्हणाली, “ती पिशवी दे.”

मला वाटलं तिला आधार हवाय. मी दिली. तिनं ती समोर पसरली, चौकावर डोळे लावले आणि बोट पुन्हा फरशीवर नेलं. मला समजायला वेळ लागला. ती बघून काढत होती. माझ्या पट्टीनं आखलेला कोपरा ती उतरवायला बघत होती, आणि तो येत नव्हता म्हणून तिच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

“हा नको, आये. तुझा. खाली उतरणारा.”

“तो चुकीचा व्हता ना?”

“नाही गं. चुकीचा नव्हता.”

“चुकीचाच व्हता. तू सुधारलास ना.” ती मला समजावत होती, मी वाईट वाटून घेऊ नये म्हणून. “इतकी वरसां लोकांच्या घरात वाकडा लिवला. कोनी सांगितला नाय माना. आता बग, सगली सरळ लिवतात.”

मी तिला शपथा घातल्या. म्हातारीनं काय सांगितलं ते पुन्हा सांगितलं, दारातून ओळखायचे ते सांगितलं. ती मान डोलवत राहिली, जशी माझ्या रागावण्यापुढे नेहमी डोलवते. माझ्यावर तिचा विश्वास होता. तिच्या लेखी मी शिकलेली होते, पट्टी माझ्याजवळ होती. मी तिला आयुष्यभर हेच पटवलं होतं आणि आता तिला ते पटलं होतं.

मग तिनं ओलं बोट तसंच ठेवून मनगट माझ्यापुढे केलं.

“धर माजा हात, आन् दाव.”

मी तिच्यामागे जाऊन बसले आणि तिचं मनगट धरलं. ते माझ्या मुठीत पाखरासारखं फडफडत होतं. मी घट्ट धरलं तेव्हा थोडं थांबलं. डावीकडून मी रेघ सुरू केली. कोपरा खाली न्यायचा, एवढं मला माहीत होतं. पण कुठून उतरायला लागतो, किती उतरतो, कड्या कुठून कलायला लागतात, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मी कधी बघितलंच नव्हतं. मी मुद्दाम हात खाली ओढला तर रेघेला नुसता बाक आला, तो कुणाचाच नव्हता. मी ते पुसलं. पुन्हा रेघ ओढली, तर माझा हात आपोआप सरळ गेला आणि काटकोनात वर वळला.

आईनं वाकून बघितलं.

“आता बरोबर आला,” ती म्हणाली.